नव्वद टक्क्यांचा जामीन

आभाळ निळंशार होतं, आणि कोर्टाच्या पायरीवर एक माणूस छत्री उघडून उभा होता.

पावसाळा अर्धा सरला होता, पण गेले चार दिवस चांगली उघडीप होती. तिने त्याच्याकडे एकदा पाहिलं, आणि जाता जाता पुन्हा पाहिलं. एका हातात फायलींचा ढीग, दुसऱ्या हातावर काळा कोट, अंबाड्यात खोचलेलं पेन, आणि कोर्टात पोहोचायला आधीच उशीर झालेला. अशा वेळी शहाण्या माणसाने मुकाट्याने पुढे जावं. पण तिची जीभ आणि शहाणपण यांची कधी गाठच पडली नाही, असं तिची आई म्हणायची, ते काही उगाच नाही.

"ऊन फार लागतंय का?" तिने विचारलं.

"नाही." त्याने मनगटावरचं घड्याळ पाहिलं. बरोबर अकरा वाजले होते. त्याच्या कानावर एक पेन्सिल अडकवलेली होती. "पाऊस येईल. वीसेक मिनिटांत. शक्यता... साठ टक्के."

"आणि उरलेले चाळीस टक्के?"

"तसं झालं तर मी जरा वेड्यासारखा दिसेन."

"ते काम तुम्ही आत्ताच उरकलंय," ती म्हणाली, आणि हसू दाबत आत गेली.

आतलं काम पाच मिनिटांचं होतं आणि नेहमीप्रमाणे वीस मिनिटं खाऊन गेलं. बाहेर येऊन ती समोरच्या इमारतीतल्या ऑफिसकडे निघाली, मैदानाच्या मधोमध पोहोचली, आणि आभाळ फुटल्यासारखा पाऊस कोसळला. फायली पोटाशी धराव्यात की डोक्यावर घ्याव्यात, हे ठरेपर्यंत तिच्यावर एक काळं छत आलं.

"अकरा पंचवीस. पाच मिनिटं उशीर झाला," तो म्हणाला. जणू पाऊस त्याच्या घरचा होता आणि त्याच्या वतीने माफी मागणं त्याचं कामच होतं. छत्री त्याने तिच्या बाजूला इतकी कलती केली होती की त्याचा डावा खांदा चिंब भिजत होता. "तुम्हाला कुठे सोडू?"

"समोर. पहिल्या मजल्यावर."

"मलाही तिथेच जायचंय. वकीलसाहेबांना भेटायला... मामाच्या जामिनाचं बोलायला." ते वकीलसाहेब म्हणजे तिचेच वरिष्ठ.

साहेबांच्या ऑफिसात कायद्याची पुस्तकं भरपूर होती आणि कोरडी खुर्ची एकच. भिंतीवरचं घड्याळ गेल्या वर्षापासून साडेदहावर बंद पडलेलं होतं. सेल बदलायचं काम तिच्याकडे आहे असं साहेब समजत, ते कारकुनाकडे आहे असं ती समजत असे, आणि कारकून कसलाच समज करून घेत नसे.

प्रकरण थोडक्यात असं होतं. त्याचे मामा एका गोदामाचे पहारेकरी, एकोणीस वर्षं त्याच दारावर. महिन्यापूर्वी गोदाम जळालं. आग मामांनीच लावली, असं पोलिसांचं म्हणणं. त्यांना पकडून आज अकरावा दिवस होता. वय एकसष्ट, दोन्ही गुडघे निकामी. तुरुंगात जमिनीवर झोपायचं म्हणजे सकाळी उठायला दोन माणसं लागायची.

"आई-वडील गेल्यावर त्यांनीच मला वाढवलं," तो म्हणाला. "त्यांनी आग लावली नाही हे मला माहीत आहे. पण कसं माहीत आहे, ते मला सिद्ध करता येत नाही."

साहेबांनी फाइल मिटली आणि तिच्याकडे सरकवली. "माझा दुसऱ्या कोर्टात शेवटचा युक्तिवाद आहे. हा जामीन अर्ज तू चालव."

तीन वर्षांच्या वकिलीत ती कोर्टात एकच वाक्य बोलली होती: साहेब दुसऱ्या कोर्टात आहेत, पुढची तारीख मिळावी. आणि आता समोर बसलेला हा अर्धा भिजलेला माणूस तिच्याकडे अशा नजरेने पाहत होता, जणू मामांचे गुडघे तिच्याच हातात आहेत.

जामिनावर सुटले तर मामा राहणार कुठे, हे कोर्ट विचारणारच. म्हणून दोन दिवसांनी ती त्याचं घर पाहायला गेली. निदान स्वतःला तरी तिने तसंच सांगितलं होतं. बसमध्ये बसल्यावर मात्र आपण आज नवीन कुडता का घातलाय, याचं उत्तर तिला कुठल्याच कलमात सापडेना.

तो टेकडीवरच्या हवामान केंद्रात निरीक्षक होता. केंद्राला लागूनच दोन खोल्यांचं घर. एका खोलीत मामांसाठी पलंग आधीच तयार होता, आणि त्याच्या पायांखाली विटा लावून उंची वाढवली होती.

"उठताना गुडघ्यांना बरं पडेल," तो ओशाळून म्हणाला. "येतील की नाही माहीत नाही, तरी..."

"शक्यता किती?" तिने हळूच विचारलं.

"ते तुम्ही सांगायचं."

मग तिने त्याला समोर बसवून समजावलं. "हे बघा, मामांनी आग लावली की नाही, हे त्या दिवशी ठरणारच नाही. ते खटल्यात ठरेल, दोन-तीन वर्षांनी. जामिनाच्या वेळी कोर्ट पुढचं बघतं. हा माणूस पळून जाईल का? साक्षीदारांना गाठून धाक घालेल का? पुराव्यात ढवळाढवळ करेल का? गुन्हा गंभीर आहे, हे आपल्या विरोधात आहे. पण आजवर एकही गुन्हा नावावर नाही, तपास जवळजवळ संपलाय, वय झालंय, हे आपल्या बाजूने."

"म्हणजे कोर्टसुद्धा अंदाजच करतं."

"हो. तुमच्यासारखाच. फक्त चुकलं तर तुमची माणसं नुसती भिजतात."

तो हसला. हसला की त्याच्या उजव्या गालावर एक बारीक खळी पडते, ही गोष्ट तिने नोंदवून ठेवली. खळीचा खटल्याशी काही संबंध नव्हता.

"एक अडचण आहे," ती घाईने म्हणाली. "मामांनी गेल्या महिन्यात पासपोर्ट नवा करून घेतलाय."

"मुलीच्या बाळंतपणाला जायचं होतं त्यांना. माझी मामेबहीण परदेशात असते. पुढच्या महिन्यात दिवस भरतील."

"सरकारी वकील नेमकं तेच धरून बसणार. मुलगी परदेशात, पासपोर्ट तयार, म्हणजे पाखरू उडालंच म्हणून समजा."

जाण्याआधी त्याने तिला पर्जन्यमापक दाखवला. साधं नळकांडं, त्यात रात्रीचा पाऊस साठलेला. शेजारच्या टेबलावर एक जाड वही होती. तिने पान उलटलं. अर्धा मजकूर पेन्सिलने लिहिलेला होता, अर्धा निळ्या शाईने.

"असं का?"

"उद्या काय होईल, तो अंदाज. तो पेन्सिलने लिहायचा, चुकू शकतो," तो म्हणाला. "जे झालं, मोजलं, त्याची नोंद. ती शाईने. ती खोडायची नसते."

"आणि तुम्ही कधी कुठल्या अंदाजाला शंभर टक्के दिलेत?"

"नाही. एकदाही नाही."

त्या वेळी तिला ते फार गोड वाटलं. हाच गोडवा कोर्टात गळ्याशी येणार आहे, हे तिला कुठे ठाऊक होतं.

सुनावणीच्या दिवशी न्यायाधीशबाईंनी दोन्ही बाजू शांतपणे ऐकल्या. सरकारी वकिलांनी पासपोर्ट हवेत नाचवला. तिने सांगितलं, पासपोर्ट आजच जमा करतो. मामांनी आरोपीच्या पिंजऱ्यातून मान हलवली. बाळाला पाहायला जाता येणार नाही, हे त्या मान हलवण्यात आलंच होतं. तिचा आवाज पहिली दोन मिनिटं कापला, मग सापडला. सगळं सुरळीत चाललं होतं.

"आरोपी ज्यांच्याकडे राहणार, जे जामीनदार होणार, ते हजर आहेत का?" न्यायाधीशबाईंनी विचारलं.

तो उभा राहिला. शर्टाला कडक इस्त्री होती. पेन्सिल कानावरून काढायची मात्र राहिली होती.

"आरोपी प्रत्येक तारखेला हजर राहतील, याची खात्री आहे तुम्हाला?"

हो म्हण, तिने मनातल्या मनात त्याला सांगितलं. नुसतं हो म्हण...

त्याने विचार केला. खरोखरच विचार केला, छताकडे पाहून. "नव्वद टक्के," तो म्हणाला.

कोर्टात खसखस पिकली. सरकारी वकील तर लाडू मिळाल्यासारखे उठले. "सख्खा भाचा म्हणतोय की मामा पळण्याची शक्यता दहा टक्के आहे. मला आणखी काही बोलायचं नाही."

मामांनी डोळे मिटून घेतले. तो पांढराफटक पडला होता. आपण काय करून बसलो हे त्याला आत्ता उमगलं होतं. तिला त्याचा इतका राग आला की त्याची मान पकडून हलवावी, आणि इतकी दया आली की... ते राहू दे. ती उठली.

"मला जामीनदारांना दोन प्रश्न विचारायचे आहेत." परवानगी मिळाली. तिने त्याच्याकडे वळून शांत आवाजात विचारलं, "ते दहा टक्के कशाचे?"

"गुडघ्यांचे," तो म्हणाला. "पायऱ्या चढायला त्यांना वेळ लागतो. एखादवेळी बस चुकेल. एखादवेळी दुखणं वाढेल. उशीर होऊ शकतो."

"आणि पळून जाण्याचे किती?"

"त्यांना रस्ता ओलांडायला माझा हात लागतो. पळण्याचे... मी धरलेच नव्हते."

या वेळी न्यायाधीशबाईंनीही चष्मा काढून पुसला. हसू लपवायला चष्मा बरा असतो.

"हे गृहस्थ हवामान केंद्रात निरीक्षक आहेत," ती म्हणाली. आता आवाज कापत नव्हता. "उद्या सूर्य उगवेल का विचारलं तरी ते 'अपेक्षित आहे' असं लिहितील. कोर्टापुढे रोज जामीनदार येतात आणि शंभर टक्के हमी देतात. आज पहिल्यांदा कोणीतरी खरा आकडा सांगितलाय. शंभर टक्के खात्री कायदाही मागत नाही. आरोपी परत येईल असं मानायला पुरेसं कारण आहे का, एवढंच तो विचारतो. पुरेसं कारण पिंजऱ्यात उभं आहे, आणि एकोणीस वर्षांत त्याने एकदाही रजा न सांगता घेतलेली नाही."

निकाल दुपारी आला. जामीन मंजूर. पासपोर्ट जमा करायचा, गोदामाकडे फिरकायचं नाही, तिथल्या कोणाशी बोलायचं नाही, आणि दर सोमवारी दहा ते बारा या वेळात पोलीस ठाण्यात हजेरी. एकही हजेरी चुकली तर जामीन रद्द होऊ शकतो, हे न्यायाधीशबाईंनी त्याच्याकडे पाहून वाचलं.

बाहेर आल्यावर तो तिच्यासमोर उभा राहिला. "माझ्यामुळे तुमची पहिली केस..."

"तुम्हाला खोटं बोलता येत नाही का हो? थोडंसंसुद्धा?"

"प्रयत्न केला होता मी. तोंडातून आकडाच आला."

ती हसता हसता रडली, आणि त्याने खिशातून रुमाल काढून पुढे केला. रुमाल कोरडा होता, आणि त्याला इस्त्रीचा वास होता.

पोलीस ठाणं तिच्या ऑफिसच्या खिडकीसमोरच होतं. सोमवार हा जगात कोणाचाच आवडता वार नसतो, पण तिचा झाला. सव्वादहाला मामा त्याचा हात धरून रस्ता ओलांडायचे, सही करायचे, आणि मग दोघं वर चहाला यायचे. जाताना तो तिच्या टेबलावर पेन्सिलने लिहिलेली एक चिठ्ठी ठेवायचा. 'बुधवारी संध्याकाळी सरी, सत्तर टक्के. छत्री न्यावी.' तिने त्या सगळ्या चिठ्ठ्या कायद्याच्या एका जाड पुस्तकात ठेवल्या होत्या. तिला तो आवडत होता, फार आवडत होता. चिठ्ठीत कधीतरी हवामानाखेरीज एखादं वाक्य येईल म्हणून ती प्रत्येक चिठ्ठीची मागची बाजूही पाहायची. मागे काही नसायचं.

मामेबहिणीला मुलगी झाली. मामांनी नातीला भाच्याच्या फोनच्या पडद्यावर पाहिलं. त्यानंतरच्या, म्हणजे सातव्या सोमवारी, तो धावत कोर्टात आला. छत्री नाही, केस कपाळाला चिकटलेले.

"मामा ठाण्यात पोहोचलेच नाहीत," तो धापा टाकत म्हणाला. "वादळाचा इशारा होता, मला केंद्र सोडता येईना. ते म्हणाले, मी काय लहान आहे, एकटा जातो. नऊला निघालेत. मी अकराला ठाण्यात फोन केला, सही नाही."

"त्यांचा फोन?"

"जप्त आहे."

घड्याळात अकरा वीस झाले होते. दोघांच्या मनात एकच जागा आली. गोदाम. ती चालू लागली, मग पळू लागली. मामा तिथे दिसले असते, तर ठाण्यात सही होऊन उपयोग नव्हता, जामीन तिथेच संपला असता. पावसात कोपऱ्यावर उभं राहून दोघांनी लांबूनच पाहिलं. जळकं शटर, स्टुलावर बसलेला नवा पहारेकरी. मामा नव्हते.

"हे ते दहा टक्के," तो पुटपुटला. तिने त्याचा हात धरला. वकिलीत असं कुठे शिकवत नाहीत, पण तिने धरला.

दुसऱ्या हाताने तिने फोन काढला. कोर्टात होती म्हणून आवाज बंद होता. कारकुनाचे चार मिस्ड कॉल होते, आणि खाली एक निरोप: तुमचे सोमवारचे आजोबा दीड तास तुमच्या खुर्चीत बसलेत, उठायला तयार नाहीत.

मामा तिच्या खुर्चीत खरोखरच ऐसपैस बसले होते, हातात दुमडलेला कागद घेऊन. दोघांचे ओले चेहरे पाहून ते गोंधळले. "अरे, एवढी कसली घाई? बारापर्यंत वेळ आहे. साडेदहाच तर वाजलेत."

तिघांनीही भिंतीकडे पाहिलं. तिने कपाळाला हात लावला. बाकी सगळं कोर्टात सिद्ध करायला निघालेली ती, आणि घड्याळात एक सेल घालणं तिला वर्षभरात जमलं नव्हतं.

खरे अकरा सेहेचाळीस झाले होते. मामांचा एक हात त्याने धरला, एक तिने. पायऱ्या उतरताना मामा प्रत्येक पायरीवर थांबत होते, आणि ती प्रत्येक पायरीवर मिनिटं मोजत होती. ऑफिसातली एकुलती एक छत्री दोघांनी मामांवर धरली. सही झाली तेव्हा हवालदाराने घड्याळ पाहून वहीत लिहिलं: अकरा त्रेपन्न.

तिचा जीव भांड्यात पडला. ती ठाण्याच्या ओसरीवरच्या बाकावर मटकन बसली. मामा आत पाणी पीत होते. जाताना त्यांनी तो दुमडलेला कागद तिच्या हातात कोंबला होता. "तुमच्यासाठीच आलो होतो, वकीलबाई. अर्ज आहे."

तिने तो उघडला. मामांचं अक्षर थोराड आणि सरळ होतं.

'विषय: भाच्यास तोंड उघडण्याची परवानगी मिळण्याबाबत. सदर इसम रोज संध्याकाळी आपलाच विषय काढतो. बोल म्हटले तर म्हणतो, मी त्यांना आवडण्याची शक्यता चाळीस टक्के आहे, आणि गप्प बसतो. सदर इसमाचे पूर्वचारित्र्य चांगले आहे. तो पळून जाणार नाही, याची मी हमी घेतो.'

तिने कागद त्याच्यापुढे धरला. तो वाचत गेला तसतसे त्याचे कान लाल होत गेले.

"हे... मी असं म्हणालो नव्हतो."

"मग?"

"पस्तीस म्हणालो होतो. मामा वाढवून सांगतात."

बाहेर पाऊस मंदावला होता. ओसरीच्या कडेने थेंब ठिबकत होते. तिने विचारायचं ते विचारलंच. "आणि तुमच्या बाजूचे? मी तुम्हाला... किती टक्के?"

त्याचा हात सवयीने कानाकडे गेला, पेन्सिलीला लागला, आणि तिथेच थांबला. त्याने हात खाली घेतला.

"तुमचं पेन द्याल?"

तिने अंबाड्यातलं पेन ओढून दिलं. केस खांद्यावर सुटले. तिचं तिकडे लक्ष नव्हतं. तो अर्ज मांडीवर उलटा ठेवून हळूहळू, वहीत लिहितो तसं, शाईने लिहीत होता. लिहून झाल्यावर त्याने फुंकर घालून शाई वाळवली आणि कागद तिच्याकडे दिला.

वर त्यांच्या पहिल्या भेटीची तारीख होती. पुढे वेळ: अकरा पंचवीस. पुढे एकच ओळ: 'या वेळेपासून त्या मला आवडतात.'

"यात टक्के कुठे आहेत?" तिचा आवाज पुन्हा कापत होता, पहिल्या सुनावणीसारखा.

"टक्के अंदाजाला असतात," तो म्हणाला. "हे होऊन गेलंय."

तिने कागद पुन्हा वाचला. मग त्याच्या हातातलं पेन घेतलं, त्याच्या ओळीखाली तीच तारीख घातली, आणि जरा थांबून वेळ लिहिली: अकरा.

"पंचवीस मिनिटं आधी?" त्याने वाकून पाहिलं. "पण तेव्हा तर पाऊसही नव्हता."

"नव्हता ना," ती म्हणाली, आणि त्याच्या वहीत असतं तसं, पुढे शाईने लिहिलं: 'आभाळ निरभ्र. छत्री उघडी.'